दांडीवरची रेघ

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणाची माफी मागितली, तो मान मिळाला शेजारच्या सुताराला.

झालं होतं असं. नऊ वर्षांपूर्वी सुतारानं त्यांच्या कारखान्याला नवी खिडकी बसवून दिली आणि मिस्त्रींना तिची चौकट वाकडी दिसली. काढायला लावली. पुन्हा बसवली, तरी वाकडी. सुतार बिचारा गुण्या लावून दाखवतोय, ओळंबा सोडून दाखवतोय, पण मिस्त्रींचा हेका एकच, "मला डोळ्यांनी दिसतंय ना, मग तुझा ओळंबा घाल चुलीत." शेवटी सुतारानं हत्यारं पिशवीत कोंबली, "नाचता येईना अंगण वाकडं," एवढं दारातून ऐकवलं, आणि पुढची आठ वर्षं तो मिस्त्री दिसले की रस्ता ओलांडून पलीकडून जायचा.

गेल्या वर्षी बायकोनं मागे लागून लागून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी चौकटीचौकटींचा एक कागद समोर धरला, डावा डोळा झाकायला सांगितला आणि रेघा कशा दिसतात ते विचारलं. मिस्त्री म्हणाले, "वाकड्या छापल्यात. छापखाना बदला."

"आता उजवा झाका, डाव्यानं बघा."

मिस्त्रींनी पाहिलं. रेघा सरळ होत्या.

उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एक पातळ साय धरली होती आणि तिला सुरकुत्या पडल्या होत्या. त्यामुळे सरळ ते वाकडं दिसायचं. हे हळूहळू होतं, बाई म्हणाल्या, आणि दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, माणसाला पत्ताही लागत नाही. आता कारागिराची सवय ही, की नीट बघायचं म्हटलं की डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं नेम धरायचा. म्हणजे गेली कित्येक वर्षं मिस्त्री जे काही नीट निरखून बघत आले आणि ज्यावर विश्वास ठेवत आले, ते नेमकं आजारी डोळ्यानं.

"किती वर्षांपासून असेल?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच आठवा," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, महिन्या-दीड महिन्यानं नजर बसली, आणि मिस्त्रींनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर ती खिडकी. सुतासारखी सरळ. मग ते उठले, चपला घातल्या आणि सुताराकडे जाऊन म्हणाले, "चुकलं माझं." सुतारानं आधी त्यांना ताप आहे का ते विचारलं आणि मग चहा टाकला.

इतकं सोपं होतं ते. पण खिडकीचं काय, ती जागेवर होती, बघता आली. दुसरी एक रेघ होती, तिच्यापायी खिडकीच्याच वर्षी याहून मोठं काहीतरी तुटलं होतं, आणि ती रेघ मिस्त्रींकडे नव्हती. ती एकोणीस नंबरच्या सायकलीवर होती, आणि ती सायकल विकली गेली होती.

मिस्त्रींच्या कारखान्यात वर्षाला दोन सायकली तयार होत. जास्तीत जास्त तीन. एकीसारखी दुसरी नाही. पाइप कापण्यापासून घंटीवरच्या नक्षीपर्यंत सगळं हातानं, आणि काम झालं की त्या सायकलीचे साचे मोडून टाकायचे, म्हणजे पुन्हा मोह नको. एखादीच्या चाकाचा मधला तुंबा तांब्याच्या मुलाम्याचा, एखादीचे पेडलचे दांडे कोरीव वेलीचे, एखादीचा प्रत्येक स्क्रू ज्योतीवर तापवून निळा केलेला. पोलाद तापवलं की आधी गवती पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि मग क्षणभर मोरपिशी निळं. तेवढ्यात उचललं तर उचललं, नाहीतर राखाडी होऊन बसतं. असल्या सायकली घेणारे लोक त्या चालवत नाहीत, भिंतीवर टांगतात. मिस्त्रींना त्याचा राग यायचा, पण राग गिळून ते पुढची करायला घ्यायचे.

या सगळ्यात मिस्त्रींचं नाव झालं ते रेघेसाठी. सायकलीच्या वरच्या आडव्या दांडीवर, दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सोनेरी रेघ. पट्टी नाही, दोरा नाही, चिकटपट्टी नाही. खारीच्या शेपटीच्या केसांचा बोटभर लांब ब्रश, आणि एका श्वासात ओढायची. भांड्यातला रंग घडीघडीला घट्ट होत जातो, म्हणून दोन्ही बाजू एकाच बैठकीत व्हाव्या लागत. उजवी बाजू मिस्त्रींची. फोटो निघतो तो उजवीचा, चेनकडचा. डावी बाजू लेकीची.

लेकीला सगळे खारू म्हणत. चार वर्षांची असताना तिनं बापाचा ब्रश तोंडात धरून पळ काढला होता, तेव्हापासूनचं नाव. मिस्त्री तिला जुन्या सायकलीच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे आणि ती बसल्या बसल्या दांडीवर बोटानं रेघा ओढत असायची. पंधराव्या वर्षी तिनं पहिली खरी डावी बाजू ओढली. मिस्त्रींनी ती पाहिली आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली ओढते कार्टी. तिला सांगू नकोस." बायकोनं सांगितलं नाही. ही तिची चूक, असं ती आजही म्हणते.

आता एकोणीस नंबरचं. ती सायकल गडद हिरवी होती. रेघेच्या आठवडाभर आधी मिस्त्रींचा हात गॅसच्या ज्योतीनं भाजला. गिऱ्हाइकाची तारीख जवळ आलेली, म्हणून दोन्ही बाजू खारूनं एकटीनं ओढल्या. उजवीला तिचा ब्रश लागायची ती पहिलीच वेळ. वरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, हात मारला, वाळवली, आणि रविवारी सकाळी ती बापाला "बघून घ्या" म्हणून टायर आणायला गेली.

मिस्त्रींनी बघून घेतली. डावा डोळा मिटून, उजव्यानं, दांडीच्या टोकाशी नाक लावून. रेघ त्यांना साप चालल्यासारखी दिसली. त्यांचं डोकंच फिरलं. उजवी बाजू म्हणजे त्यांची अब्रू. खरवडून काढायलाही ते थांबले नाहीत. लॅकरवर नुसता पॉलिश पेपर फिरवला, त्यावर हिरव्याचा हात मारला, पंखा लावला, आणि भाजलेल्या हातावरची पट्टी सोडून स्वतः रेघ ओढली. जिथे वाकडी जातेय असं वाटलं तिथे सावरली. त्यांच्या डोळ्याला ती अगदी सरळ आली.

खारू टायर खांद्याला लटकवून परत आली तेव्हा ते वरून लॅकर मारत होते. ती दारातच थांबली.

"वाकडी होती," मिस्त्री म्हणाले. "डावीही तशीच असणार. नीट करून ठेव."

खारूनं टायर खाली ठेवले. कोनाड्यातलं सुताचं रीळ घेतलं, दोन हात सूत सोडलं, दांडीपाशी आली. सूत ताणून दाखवणार असं मिस्त्रींना वाटलं, आणि तेही तयारीतच होते. पण तिनं ते ताणलंच नाही. बापाच्या नव्या रेघेकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, मग सूत परत रिळाला गुंडाळून कोनाड्यात ठेवलं. पोरीला चूक कळली, असं मिस्त्री धरून चालले. ती संध्याकाळपर्यंत डाव्या बाजूला स्टूल टाकून बसली होती. जेवायला हाक मारली तरी उठली नाही. फुगली असेल, म्हणून त्यांनीही फार मनावर घेतलं नाही.

काम झाल्यावर मिस्त्रींनी डावी बाजू पाहिली, तशीच, एक डोळा मिटून. "बघ, आता कशी सुतासारखी आली," ते म्हणाले. "मनात आणलं की येतं तुला."

खारूनं ब्रश धुऊन कपाटात ठेवला. पंधरा दिवसांनी तिनं दूरच्या बंदराच्या गावात होड्यांवर नावं लिहिण्याचं काम धरलं आणि गेली.

नऊ वर्षं झाली त्याला. दर रविवारी तिचा फोन यायचा, आईला. मिस्त्री पलीकडच्या खोलीत काहीतरी घासत बसायचे आणि घासण्याचा आवाज होणार नाही इतक्या हळू घासायचे. शेवटी एक वाक्य ठरलेलं, "बाबा बरे आहेत ना?" आणि आईचं उत्तर ठरलेलं, "आहेत, त्यांना काय धाड भरलीय." मग फोन ठेवला जायचा आणि मिस्त्रींचा आठवडा पुन्हा सुरू व्हायचा. त्यांना लेकीची आठवण यायची नाही असं नाही. त्यांना दुसरं काही आठवायचंच नाही. डावी बाजूही आता तेच ओढायचे, पण उभ्यानं; तिथलं तिचं स्टूल त्यांनी कुणाला हलवू दिलं नव्हतं. तिचा ब्रश ती कपाटातच ठेवून गेली होती. खारीचे केस कोरडे ठेवले तर विस्कटतात, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मिस्त्री तो तेलात बुडवायचे, चिमटीत धरून केस सरळ करायचे आणि परत आडवा ठेवायचे. त्या ब्रशनं त्यांनी स्वतः एक रेघसुद्धा ओढली नाही.

या नऊ वर्षांत गंमत अशी झाली, की मिस्त्रींची रेघ वाकडी आहे हे सगळ्या जगाला दिसत होतं आणि सगळं जग तिच्यावर खूश होतं. भिंतीवर सायकली टांगणारे लोक तिला 'मिस्त्रींची लाट' म्हणायचे. यंत्रानं सरळ कोणीही ओढेल, आपसात म्हणायचे, ही लाट हाताची आहे. मिस्त्रींच्या कानावर नुसती 'लाट' यायची आणि त्यांना वाटायचं ते आपल्या रंगाच्या झळाळीबद्दल बोलतायत. ऑपरेशननंतर त्यांची रेघ पुन्हा सरळ यायला लागली, तेव्हा दोन गिऱ्हाइकांनी तोंड वाकडं केलं. "पूर्वीची मजा राहिली नाही," म्हणाले. त्या दिवशी मिस्त्रींना लाट म्हणजे काय ते कळलं, आणि त्याबरोबर बाकीचंही कळलं. आपण खारूची रेघ आजारी डोळ्यानं बघितली होती. मग ती खरी कशी होती?

"कशी होती म्हणजे?" बायको म्हणाली. "सरळ होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. तुमच्या तर खरोखरच होतं. फोन लावा आणि सांगा तिला."

"आधी रेघ बघू दे."

"रेघ काय बघायचीय?"

"उगाच खोटी माफी ओळखते ती. मला बघून सांगायचंय."

"सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही," बायको म्हणाली आणि आत गेली. पण खरं सांगायचं तर त्यात पिळापेक्षा भीतीच जास्त होती. रेघ खरोखरच वाकडी निघाली तर मग ही नऊ वर्षं निदान थोडी तरी आपल्या बाजूनं आहेत, असा एक चोर विचार त्यांच्या मनात होता. आणि सरळ निघाली तर काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

एकोणीस नंबर ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ घड्याळांच्या दुकानाचे मालक, म्हणून कारखान्यात त्यांना घड्याळवाले म्हणत. त्यांच्या हँडलचा मुलामा एका ठिकाणी सुटला आणि एका बुधवारी सकाळी ते सायकल गाडीतून घेऊन आले, दुलईत गुंडाळून, आजारी मुलाला आणावं तशी.

मिस्त्रींनी हँडल पाहिलं, दोन दिवसांचं काम आहे म्हणाले, आणि मग दांडीवर हात ठेवून उभे राहिले. आता त्यांना ती लाट स्वच्छ दिसत होती. टोकाला बरी, मग वर, मग खाली, मध्यावर चांगलीच वर. ते आपलं काम आहे हे कबूल करायला त्यांना लाज वाटली.

"एक मागायचंय," ते म्हणाले. "ही उजवी बाजू वीतभर घासू द्या."

घड्याळवाल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी घड्याळ उकळू द्या म्हणालं असतं. "या लाटेसाठी तर मी घेतली ही."

"ही लाट नाही. माझा डोळा गेला होता. याच्या खाली माझ्या लेकीची रेघ आहे. बहुतेक सरळ."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खिडकीपासून सांगितलं, कारण सुतारापासून सुरुवात केली की पुढचं सोपं जायचं. घड्याळवाले ऐकत होते. मध्येच त्यांनी खिशातली भिंगाची नळी काढून डोळ्याला लावली आणि दांडी तपासली, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.

"घासलंत तर जोडी मोडेल," ते म्हणाले.

"खाली काही नाही निघालं तर माझी स्वतःची सायकल घेऊन जा. एक नंबरची. ती मी कुणाला दिलेली नाही."

घड्याळवाले बराच वेळ नळी पुसत बसले. "माझ्याकडे लोक बंद पडलेलं घड्याळ आणतात," ते म्हणाले, "आणि सांगतात, काटे आहेत तिथेच राहू द्या, अमक्याच्या वेळी थांबलंय ते. मी राहू देतो. पण तुमचं उलटं आहे. वीतभर. त्याच्या वर बोट नको."

त्यांनी एक नंबरच्या सायकलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि दोन दिवसांनी येतो म्हणून गेले.

मिस्त्रींनी दांडीच्या मध्यावर, जिथे लाट सगळ्यात उंच होती तिथे, वीत टेकवली. घासण्याआधी त्यांनी एक काम केलं, जे कुठलाही कारागीर करील. दांडीवर बटर पेपर लावून ती लाट पेन्सिलीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत उतरवून घेतली, म्हणजे घड्याळवाल्यांनी परत मागितली तर परत ओढून देता आली असती. मग वाटीत पाणी घेतलं, सगळ्यात बारीक वॉटर पेपर भिजवला आणि घासायला सुरुवात केली.

या कामात डोळ्यापेक्षा पाण्याकडे लक्ष द्यायचं असतं. आधी वरचं लॅकर निघतं, तेव्हा पाणी दुधाळ होतं. मग सोनेरी चमक आली, म्हणजे त्यांची रेघ गेली. तिचं त्यांना काही वाटलं नाही. मग पाणी हिरवं झालं, म्हणजे त्यांनी घाईत मारलेला रंग. आता इथून पुढे खरी परीक्षा. हिरव्याच्या खाली खारूच्या लॅकरचा थर, केसाएवढा. पाणी पुन्हा दुधाळ झालं की हात थांबला पाहिजे, एक हात जास्त फिरला तर तिची रेघ जाणार, आणि ती कायमची जाणार. मिस्त्री दोन हात मारायचे, पुसायचे, बघायचे, पुन्हा दोन हात मारायचे. बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवला. तिनं तो उचलून नेला आणि दारात उभी राहिली.

पाणी दुधाळ झालं. मिस्त्रींनी हात उचलला.

फडक्यानं पुसलं. धुरकट काचेआडून दिसावं तसं खाली काहीतरी पिवळं होतं. त्यांनी लॅकरचं बोट पुसटसं फिरवलं आणि धुरकटपणा गेला. रेघ दिसली. वीतभर, सोनेरी, कडा इतक्या स्वच्छ, जणू ब्लेडनं कापल्यात. मिस्त्रींनी कोनाड्यातलं सुताचं रीळ घेतलं, तेच रीळ, आणि सूत रेघेच्या कडेला लावून ताणलं. सूत आणि रेघ यांच्यामध्ये उजेड दिसला नाही.

"सरळ आहे," ते म्हणाले.

"मग मी काय म्हणत होते," बायको म्हणाली.

मिस्त्री तिथेच जमिनीवर बसले. नऊ वर्षं त्यांनी ज्या पोरीला मनातल्या मनात वाकडं ठरवलं, तिची रेघ त्यांच्या आयुष्यातल्या कुठल्याही रेघेपेक्षा सरळ होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं गाडली होती. एवढं झाल्यावर माणूस रडतो. मिस्त्रीही थोडे रडले, आणि मग त्यांना वाटलं, डावीकडची पण एकदा डोळे भरून बघू. डावी तर तिनं पुन्हा नीट करून ठेवली होती. ती तर वरवरच होती, घासायचीही गरज नव्हती.

त्यांनी सायकल फिरवली. डाव्या बाजूचं स्टूल ओढून त्यावर बसले, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

डावी रेघ वाकडी होती.

टोकाला बरी, मग वर, मग खाली, मध्यावर चांगलीच वर. म्हणजे पोरीचाही हात हलत होता की काय? उजवी नुसती नशिबानं सरळ आली होती? त्यांनी डावा डोळा मिटून पाहिलं, उजवा मिटून पाहिलं, दोन्ही उघडून पाहिलं. वाकडीच. आणि हीच रेघ पाहून आपण म्हणालो होतो, 'बघ, आता कशी सुतासारखी आली.'

ते वाक्य आठवलं आणि मिस्त्री स्टुलावरून उठले.

बटर पेपर अजून टेबलावर पडला होता. त्यांनी तो उचलला, उलटा केला आणि डाव्या दांडीवर ठेवला. टोकाला टोक लावलं. पेन्सिलीची रेघ खालच्या सोनेरी रेघेवर बसली. पहिल्या चढाला बसली, उताराला बसली, मधल्या उंचवट्याला बसली, पार शेवटापर्यंत कुठेही सोनेरी बाहेर डोकावलं नाही. थरथरणाऱ्या हाताला हे जमत नाही. हात थरथरला तर तो स्वतःचा थरथरतो, दुसऱ्याचा नाही.

बायकोला कळेना. "काय झालं? काय बघताय?"

"तिनं सूत ताणलं नाही," मिस्त्री म्हणाले. "तिला तेव्हाच दिसलं. माझी वाकडी आलीय हे तिला दारातूनच दिसलं."

"मग बोलली का नाही?"

"बोलली नाही. बसली. आणि स्वतःची चांगली सरळ रेघ पुसून माझ्यासारखी वाकडी ओढली. चढाला चढ, उताराला उतार. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, मिस्त्रींनी मुद्दामच तशी काढलीय." 'लाट' नावाची ती जी गोष्ट लोक नऊ वर्षं वाखाणत होते, ती त्यांच्या लेकीनं एका दुपारी, उपाशी पोटी, त्यांची अब्रू झाकायला केली होती. आणि त्यावर त्यांनी तिला शाबासकी दिली होती, मनात आणलं की येतं तुला.

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि टेबलावरचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. नंबर तिनंच लावला, मिस्त्रींची बोटं रंगानं भरली होती.

बुधवारी कधी फोन जात नसे. पलीकडून खारूचा आवाज आला तो घाबरलेलाच. "आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"आई नाही, मी बोलतोय," मिस्त्री म्हणाले. "बरा आहे."

पलीकडे कुठेतरी लाकडावर हातोडी पडत होती. ती थांबायची मिस्त्रींनी वाट बघितली.

"एकोणीस नंबर आलीय," ते म्हणाले. "उजवी वीतभर घासली. तुझी रेघ निघाली खालून. सूत लावून बघितलं." मग त्यांनी श्वास घेतला, रेघेला घेतात तसा. "आणि डावीवर उजवीचा कागद उलटा करून ठेवला."

पलीकडे हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, अगदी कारखान्यात विचारायची तसं, "कुठे सुटली होती का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "कुठेच नाही."

"मधल्या चढाला जरा भीती होती मला."

"तिथेही नाही." मिस्त्रींनी दांडीवरच्या त्या चढावर बोट ठेवलं. "खारू, बोलायचंस ना गं मला. सूत हातात घेतलं होतंस."

"बोलले असते तर तुम्ही परत ब्रश धरला असता का, बाबा?"

धरला नसता, हे त्या दोघांनाही माहीत होतं. तिथे राहिली असती तर दर सायकलीला तिला एक तर बोलावं लागलं असतं किंवा स्वतःची रेघ वाकडी करावी लागली असती, म्हणून ती गेली, हेही त्यांना आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षं ते तिचा राग जाण्याची वाट बघत बसले होते, आणि ती रागावलीच नव्हती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "डोळा नव्हता नीट. पण तू तर नीट दिसत होतीस, तेव्हा तरी विचारायला हवं होतं मी."

हातोडी पुन्हा सुरू झाली आणि त्या आवाजात ती रडतेय की नाक ओढतेय ते कळेना. मिस्त्रींना अजून बरंच सांगायचं होतं, पण त्यांना फक्त कामाचंच बोलता यायचं, म्हणून ते तेच बोलले. "तुझा ब्रश आहे अजून. तेलात ठेवतो मी दर महिन्याला."

"आडवा ठेवता ना? उभा ठेवला तर केस वाकतील."

"आडवाच ठेवतो."

"राहू दे मग तसाच," खारू म्हणाली. "आल्यावर बघते."

आणि फोन ठेवला गेला. बायको दोन्ही हात पोटाशी घेऊन समोर उभी होती. "काय म्हणाली? काय म्हणाली ती?"

"आल्यावर बघते म्हणाली."

"कधी?"

"ते नाही विचारलं."

"विचारायचं नाही का हो? नऊ वर्षांनी फोन घेतलात आणि तेवढंच विचारायचं राहिलं?" बायको म्हणाली आणि रविवारची वाट न बघता स्वतःच फोन लावायला लागली. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले, डाव्या बाजूचं स्टूल जिथलं तिथे सरकवून ठेवलं आणि कपाट उघडलं. पहिली तारीख यायला अजून अकरा दिवस होते. त्यांनी ब्रश तरीही काढला आणि तेलाची बाटली शोधू लागले.